दोन दिवसांचा मुक्काम

४ ऑक्टोबर १८०८. नागासाकीच्या खाडीच्या तोंडाशी एक मोठं युरोपीय जहाज दिसल्याची वर्दी आली आणि डेजिमावरच्या डच वखारीत धांदल उडाली. जहाजावर डच झेंडा होता. जावातल्या डच ठाण्याहून, बटाव्हियाहून, वर्षाकाठी येणारं व्यापारी जहाज एरवी जुलै-ऑगस्टात, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या पाठबळावर पोचायचं. यंदा तो हंगाम कोरडाच गेला होता. साखर नाही, कापड नाही, घरची पत्रं नाहीत. वखारीचा प्रमुख हेंड्रिक डूफ आणि त्याचे मूठभर सहकारी वाट पाहून थकले होते. उशिरा का होईना, जहाज आलं, याचाच सगळ्यांना आनंद.

रिवाजाप्रमाणे वखारीतले दोन कारकून, गोझेमान आणि स्खिमल, होडीने सामोरे गेले. मागून दुसऱ्या होडीत जपानी अधिकारी आणि दुभाषे होते. जहाजावरून एक मचवा उतरला आणि डच होडीला येऊन भिडला. आमच्याबरोबर वर चला, असं मचव्यातल्या लोकांनी सांगितलं. मागची जपानी होडी येऊ दे, असं गोझेमान म्हणाला. तेवढ्यात मचव्यातल्या खलाशांनी तलवारी उपसल्या, दोघांना ओढून आपल्या मचव्यात घेतलं आणि जहाजावर नेलं. जपानी होडीतल्या लोकांना काय करावं ते सुचेना. ते रिकाम्या हाताने किनाऱ्याला परतले.

जहाज डच नव्हतंच. ती ब्रिटिश आरमाराची ३८ तोफांची ‘फेटन’ ही फ्रिगेट होती. तिचा कप्तान फ्लीटवूड पेल्यू याला एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या कोवळ्या वयात एवढी मोठी युद्धनौका मिळण्याचं कारण घरातच होतं. पूर्वेकडच्या ब्रिटिश आरमाराचा सेनापती एडवर्ड पेल्यू हा त्याचा बाप. पोरगा मात्र नुसता वशिल्याचा नव्हता. १८०६ साली बटाव्हियावरच्या हल्ल्यात त्याने नाव काढलं होतं.

ब्रिटिश युद्धनौका जपानपर्यंत कशी पोचली, हे कळायला युरोपात डोकवावं लागतं. १७९५ साली फ्रेंच फौजांनी हॉलंड घेतलं आणि तेव्हापासून डच हे इंग्रजांचे शत्रू ठरले. १८०६ मध्ये नेपोलियनने आपला भाऊ लुई याला हॉलंडच्या गादीवर बसवलं. मग केपपासून जावापर्यंत जिथे जिथे डच झेंडा होता, तिथे तिथे इंग्रज आरमार टपून बसलं. बटाव्हियाच्या डचांजवळ धड जहाजं उरली नाहीत. जपानचा व्यापार तर सोडवत नव्हता, कारण तिथलं तांबं मोलाचं होतं. त्यांनी तोड काढली ती अशी: तटस्थ अमेरिकेची जहाजं भाड्याने घ्यायची आणि नागासाकीजवळ आल्यावर त्यांच्यावर डच झेंडा चढवायचा. १७९७ पासून हा प्रकार चालू होता. त्यातलं पहिलं जहाज ‘एलायझा’. १७९८ मध्ये तांब्याने भरलेलं हे जहाज नागासाकीजवळच खडकावर आदळून बुडालं. पुढच्या वर्षी किएमोन नावाच्या एका जपान्याने ते मोठ्या युक्तीने वर काढून दिलं. थोडक्यात, नागासाकीत डच झेंड्याखाली येणारं जहाज डचच असेल याची खात्री दहा वर्षांपूर्वीच संपली होती. पेल्यूने तोच झेंडा वेगळ्या कामासाठी वापरला. बटाव्हियाहून येणारी जहाजं नागासाकीत सापडली तर मालासकट धरायची, एवढाच त्याचा बेत होता. जपानशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

जपानचं परदेशी जहाजांशी असलेलं नातं मात्र तोवर दोनशे वर्षांच्या अनुभवातून घट्ट बांधलेलं होतं. नागासाकी बंदर भरभराटीला आलं ते पोर्तुगीजांमुळे, १५७१ पासून. त्या व्यापाराचं मुख्य ठाणं होतं आपलं गोवं. गोव्याहून निघालेलं जहाज मलाक्का आणि मकाव करत नागासाकीला पोचायचं. जपानात ख्रिस्ती धर्म नेणारा फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघाला होता. १५८२ साली नागासाकीहून युरोपला निघालेले चार जपानी किशोरवयीन दूतही गोव्यावरूनच पुढे गेले. पण धर्मांतरं वाढली तसा जपानच्या राज्यकर्त्यांचा संशयही वाढला. १६३९ मध्ये शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, पोर्तुगीजांना कायमचं हाकललं. पुढच्या वर्षी मकावहून वकिली करायला आलेल्यांपैकी ६१ जणांची डोकी उडवण्यात आली. धर्मप्रसाराच्या भानगडीत न पडणाऱ्या डचांना १६४१ मध्ये डेजिमा या कृत्रिम बेटावर आणून बसवलं. पंख्याच्या आकाराचं हे बेट जेमतेम पावणेचार एकरांचं. किनाऱ्याला जोडणारा एकच पूल, त्यावर चोवीस तास पहारा. परवानगीशिवाय डच बाहेर पडायचे नाहीत आणि जपानी आत जायचे नाहीत.

आलेल्या जहाजाचंही असंच. खाडीत शिरण्याआधी ओळख पटवायची, जहाजावरची तोफांची दारू आणि शस्त्रं जपान्यांच्या ताब्यात द्यायची, मगच माल उतरवायचा. बंदराच्या रखवालीसाठी खाडीच्या दोन्ही काठांवर पहाऱ्याची ठाणी होती. तिथली जबाबदारी फुकुओका आणि सागा या क्यूशू बेटावरच्या दोन संस्थानांकडे आळीपाळीने असे. नागासाकी शहर मात्र थेट शोगुनच्या अखत्यारीत होतं आणि तिथे त्याचा ‘बुग्यो’ म्हणजे कारभारी राही. १८०८ साली पाळी होती सागाची. त्या वेळी शहरात असलेला बुग्यो होता मात्सुदाइरा यासुहिदे.

दोन डच माणसं आपल्या डोळ्यांदेखत पळवली गेली, हे कळताच मात्सुदाइराचा संताप अनावर झाला. परदेशी माणसं असली तरी ती शोगुनच्या आश्रयाला होती. त्यांना सोडवून आणा, तोफा सज्ज करा, जहाज जाळा किंवा धरा, असे हुकूम सुटले. आणि मग खरी परिस्थिती समोर आली. ठाण्यांवर हजारभर माणूस असायला हवं होतं. प्रत्यक्षात शंभराच्या आसपासच होतं. डच जहाजांचा हंगाम सरला, आता कोण येतंय, असं म्हणून सागाच्या अधिकाऱ्यांनी खर्च वाचवायला बाकीच्यांना गुपचूप घरी पाठवून दिलं होतं. दीडशे वर्षांहून अधिक काळ कुणी हल्ला केला नव्हता, त्यामुळे पहारा अपुरा आहे हे कधी उघडकीलाही आलं नव्हतं. तोफा होत्या, पण त्यातल्या कितीतरी बाबा आदमच्या जमान्यातल्या. बुग्योने आसपासच्या संस्थानांकडे घोडेस्वार पिटाळले. ती फौज पोचायला वेळ लागणार होता.

ती रात्र जपानी पंचांगाप्रमाणे आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेची होती. आपल्या कोजागिरीसारखीच जपानातही ही चंद्रदर्शनाची रात्र. त्या लख्ख चांदण्यात ‘फेटन’चे सशस्त्र मचवे आतल्या बंदरात शिरले आणि चिनी गलबतांमधून, डेजिमाच्या आसपास डच जहाजं शोधत फिरले. एकही सापडलं नाही. किनाऱ्यावरचे लोक हे सगळं पाहत होते. डूफ आणि बाकीच्या डचांना जपान्यांनी तोवर बुग्योच्या वाड्यावर हलवलं होतं. नेपोलियनच्या युद्धाची बातमी डेजिमावर दीड-दोन वर्षं उशिरा पोचायची. आता ते युद्धच दारात येऊन उभं राहिलं होतं.

वाड्यावर त्या रात्री काय काय शिजलं, ते डूफने नंतर आपल्या आठवणींत सांगितलं आहे. बुग्योच्या मुख्य चिटणिसाने योजना मांडली: मी एकटा जहाजावर जातो, गोड बोलून कप्तानाच्या जवळ पोचतो, त्याला भोसकतो आणि मग स्वतःलाही. डूफने त्याला परोपरीने समजावलं. कप्तान मेला तर ओलीस ठेवलेले दोघे त्याच क्षणी मरतील आणि जहाज काही बुडणार नाही. चिटणीस नाइलाजाने थांबला.

दुसऱ्या दिवशी पेल्यूने गोझेमानला चिठ्ठी देऊन किनाऱ्यावर पाठवलं. पाणी, लाकूडफाटा आणि खायचं सामान द्या. हा माणूस संध्याकाळपर्यंत सामान घेऊन परतला नाही, तर उद्या बंदरात शिरून जपानी आणि चिनी गलबतं जाळून टाकीन, असा मजकूर होता. लांबच्या सफरीवरच्या प्रत्येक जहाजाची गरज हीच असते. गोडं पाणी संपत आलेलं, खारवलेल्या मांसाला सगळे विटलेले. पण ही गरज सांगायची पद्धत दरोडेखोराची होती. गोझेमान परत जहाजावर जायला निघाला, तेव्हा त्याला पाठवावं की नाही यावरून वाड्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी डूफच्या आग्रहाने तो आणि सामान दोन्ही गेलं. गुरं, बकऱ्या, भाजी, लाकूड आणि पाणी. पाणी मुद्दाम थोडंथोडंच पाठवलं. उरलेलं पुढच्या खेपेला, असा निरोप. जहाज शक्य तितकं थोपवून धरायचं आणि तोवर फौज गोळा करायची, असा त्यात डाव होता. पेल्यूने शब्द पाळला. सामान मिळाल्यावर दोन्ही ओलिसांना सोडलं.

आता जहाजावर डच माणूस नव्हता, त्यामुळे हल्ला करायला मोकळीक होती. दगडांनी भरलेली गलबतं खाडीच्या अरुंद तोंडाशी बुडवून जहाजाची वाट अडवावी, असा एक विचार निघाला. शेजारच्या ओमुराचा दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, आपली माणसं घेऊन येऊन पोचला. गवत आणि पेंढ्याने भरलेल्या तीनशे होड्या पेटवून जहाजावर सोडू, सगळीकडून एकदम, बहुतेक होड्या जहाजाने बुडवल्या तरी काही पोचतीलच, असं त्याचं म्हणणं. आपण स्वतः पुढे राहतो, असंही त्याने सांगितलं. त्यावर खल चालू असतानाच वारा अनुकूल फिरला. ‘फेटन’ने नांगर उचलला, शिडं भरली आणि ती खाडीतून बाहेर पडली. कुणी जखमी झालं नाही, एकही डच जहाज हाती लागलं नाही. पेल्यूच्या दृष्टीने सफर फुकट गेली. दोन दिवसांचं पाणी आणि ताजं मांस, एवढीच कमाई.

त्याच रात्री मात्सुदाइरा यासुहिदेने सेप्पुकू केलं, म्हणजे पोट चिरून जीव दिला. परदेशी जहाजाला धडा शिकवता आला नाही, उलट त्याच्या धमकीपुढे रसद पुरवावी लागली, ही नामुष्की त्याने आपल्या अंगावर घेतली. मरण्यापूर्वी त्याने लिहून ठेवलं आणि त्यात सागाच्या पहाऱ्याचा हलगर्जीपणाही नमूद केला. नागासाकीतल्या दाइओन-जी मंदिरात त्याची समाधी आहे. सागाच्या काही अधिकाऱ्यांनीही पोटात सुरी खुपसली. सागाचा दाइम्यो नाबेशिमा नारिनाओ याला शोगुनच्या सरकारने शंभर दिवस घरात कोंडून ठेवलं. अठरा वर्षांच्या पोराने केलेल्या एका आगाऊ धाडसाची किंमत जपानी माणसांनी चुकवली. पेल्यूला याचा पत्ताही नव्हता. त्याच महिन्यात त्याची कप्तानपदाची बढती कायम झाली.

नागासाकीचा धसका केवळ या एका जहाजामुळे बसला नव्हता. चार वर्षांपूर्वी, १८०४ च्या शरदात, रशियाचा वकील रेझानोव व्यापाराची मागणी घेऊन याच बंदरात आला होता. त्याला अर्धं वर्ष ताटकळत ठेवून नकार दिला गेला. चिडलेल्या रेझानोवच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी १८०६-०७ मध्ये उत्तरेला साखालिन आणि एतोरोफूवरच्या जपानी वस्त्या लुटल्या. उत्तरेकडून रशियन, दक्षिणेकडून इंग्रज. शोगुनच्या दरबाराने यावर जे केलं, ते पाहिलं तर जपानची पुढची साठ वर्षं समजायला मदत होते. दार जास्त घट्ट लावायचं आणि बाहेरच्याला नीट ओळखायचं, ही दोन्ही कामं त्यांनी एकदमच हाती घेतली.

ओळखायचं काम आधी सुरू झालं. ‘फेटन’वरच्या लोकांशी बोलायला नागासाकीत एकही इंग्रजी जाणणारा दुभाषा नव्हता. सगळा व्यवहार डचमधून चालायचा. १८०९ मध्ये डच भाषेच्या दुभाष्यांना इंग्रजी आणि रशियन शिकण्याचा हुकूम झाला. शिक्षकही डेजिमावरच मिळाला. यान कॉक ब्लोमहॉफ या डच अधिकाऱ्याला इंग्रजी येत होतं. दुभाष्यांनी, त्यातही मोतोकी शोएई या मुख्य दुभाष्याने, नेटाने काम केलं आणि १८१४ मध्ये सुमारे सहा हजार शब्दांचा पहिला इंग्रजी-जपानी कोश तयार झाला. इंग्रज माणूस पुरता पाहिलाही नसताना, डच उच्चारांच्या वळणाने ही मंडळी इंग्रजी शिकली.

‘फेटन’चा सर्वांत चलाख उपयोग केला तो डूफने. १८११ मध्ये इंग्रजांनी जावा घेतलं. जगात डच झेंडा उघडपणे फडकत राहिलेल्या मोजक्या ठिकाणांत डेजिमा उरलं. जावाचा इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर स्टॅम्फर्ड रॅफल्स याला तेही हवं होतं. १८१३ मध्ये त्याने ‘शार्लट’ आणि ‘मरिया’ ही दोन जहाजं डच झेंड्याखाली नागासाकीला पाठवली. सोबत डेजिमाचा जुना प्रमुख वार्देनार आणि शोगुनला भेट म्हणून सिंहलद्वीपाचा एक हत्तीही होता. वखार आमच्या हवाली करा, असा निरोप होता. डूफने शांतपणे समजावलं: ही जहाजं इंग्रजांची आहेत हे जपान्यांना मी सांगितलं, तर १८०८ चा सूड म्हणून तुमच्यातला एकही जिवंत परतणार नाही. आलेले गप्प बसले. माल डूफच्या अटींवर विकला गेला, जहाजं परत गेली आणि हत्तीही परत गेला, कारण जपान्यांनी तो स्वीकारला नाही. डूफ १८१७ पर्यंत डेजिमावर राहिला आणि झेंडा उतरला नाही.

दार घट्ट करायचं काम पुढच्या दशकात टोकाला गेलं. ब्रिटिश आणि अमेरिकन देवमासे मारणारी जहाजं जपानच्या किनाऱ्याजवळ घुटमळू लागली. १८२४ मध्ये इंग्रज खलाशी दोन ठिकाणी किनाऱ्यावर उतरले. ‘फेटन’ची आठवण ताजी होतीच. १८२५ मध्ये शोगुनने फर्मान काढलं: परदेशी जहाज दिसलं की दुसरा विचार न करता तोफा डागा. १८३७ मध्ये ‘मॉरिसन’ हे अमेरिकन व्यापारी जहाज वादळात वाहून गेलेल्या सात जपानी खलाशांना घरी पोचवायला आलं, तेव्हा त्यावरही गोळे पडले. त्या सातांपैकी एक होता ओतोकिची. १८३२ मध्ये त्याचं गलबत भरकटलं आणि महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागलं होतं. आपल्याच देशाच्या तोफांनी परतवल्यावर तो परदेशातच राहिला. पुढे अफूच्या युद्धात चीनची झालेली दशा पाहून १८४२ मध्ये शोगुनने ते फर्मान सैल केलं.

सागाने मात्र वेगळीच वाट धरली. शंभर दिवसांच्या शिक्षेचा डाग त्या घराण्याला लागला होता आणि नागासाकीच्या पहाऱ्याची जबाबदारीही सुटली नव्हती. नारिनाओचा मुलगा नाबेशिमा नाओमासा १८३० मध्ये गादीवर आला. जुन्या तोफांनी ब्रिटिश फ्रिगेट थांबत नाही, हे त्याच्या घराने अनुभवलं होतं. त्याने पाश्चात्त्य तोफखान्याचा अभ्यास सुरू केला. लीएझच्या तोफ ओतशाळेवर ह्युगेनिन या डच अधिकाऱ्याने लिहिलेल्या पुस्तकाचा आधार घेऊन, अशी भट्टी कुणीही प्रत्यक्ष पाहिलेली नसताना, १८५० मध्ये सागात जपानमधली पहिली परावर्तनी भट्टी उभारायला सुरुवात झाली. सुरुवातीची कित्येक ओतकामं फसली. तोफा तडकत, लोखंड नीट वितळत नसे. पण काम थांबलं नाही. अमेरिकेच्या कमोडोर पेरीची काळी जहाजं १८५३ मध्ये शोगुनच्या राजधानीजवळ, एदोच्या खाडीत, येण्याआधीच सागाला लोखंडी तोफा ओतण्यात यश आलं होतं. पेरीनंतर शोगुनने तोफा हव्यात म्हणून ज्यांच्याकडे मागणी नोंदवली, त्यांत सागा होतं.

पेरीच्या धक्क्याने जपान खडबडून जागं झालं, असं शाळेपासून ऐकत आलो आहोत. सागाची भट्टी आणि नागासाकीच्या दुभाष्यांचा कोश पाहिला की हे अर्धसत्य वाटतं. पेरी आला तेव्हा तोफ कशी ओततात आणि इंग्रजी कशी वाचतात हे ठाऊक असलेली माणसं जपानात तयार होती. ती तयारी १८०८ च्या नामुष्कीतून सुरू झाली होती.

फ्लीटवूड पेल्यू पुढे बापासारखाच पूर्वेकडच्या ब्रिटिश आरमाराचा सेनापती झाला. ‘विंचेस्टर’ ही त्याची अग्रनौका. तिच्या खलाशांना त्याने हाँगकाँगला किनाऱ्यावर सोडायचं नाकारलं आणि जहाजावर बंडाळी झाली. शेवटी त्याला परत बोलावलं गेलं. त्याच्या जागी आलेला जेम्स स्टर्लिंग सप्टेंबर १८५४ मध्ये तीच ‘विंचेस्टर’ घेऊन नागासाकीत शिरला. या खेपेलाही कारण युरोपातल्या युद्धाचंच होतं. क्रिमियाचं युद्ध पेटलं होतं आणि इंग्रज आरमार रशियन जहाजं शोधत होतं. बरोबर दुभाषा म्हणून होता ‘मॉरिसन’वरचा तोच ओतोकिची. १४ ऑक्टोबर १८५४ रोजी करार झाला. त्यानुसार नागासाकी आणि हाकोदाते ही बंदरं ब्रिटिश जहाजांना मिळाली, ती पाणी, लाकूड, अन्न आणि डागडुजीसाठी. व्यापाराचं कलम त्यात नव्हतं. करार झाल्यावर ओतोकिची इंग्रजांबरोबरच परत गेला आणि पुढे सिंगापूरला स्थायिक झाला.